नोंदवहीत न उतरलेला ताप

मूळचे भारतीय, राहणारे स्वीडनचे, वय ५९. २००७ च्या अखेरीस हे गृहस्थ भारतात आले असताना आजारी पडले आणि त्यांना नवी दिल्लीतल्या एका रुग्णालयात ठेवावं लागलं. जानेवारी २००८ मध्ये ते स्वीडनला परतले. तिथल्या डॉक्टरांनी त्यांची लघवी तपासली, तर तीत क्लेब्सिएला न्यूमोनिये हा जिवाणू निघाला. रुग्णालयात काम करणाऱ्यांना हा जिवाणू रोजच्या ओळखीचा. लघवीची नळी, सलाईनची सुई, व्हेंटिलेटरची नळी, जिथून म्हणून शरीरात वाट मिळेल तिथून तो आत शिरतो. पण या वेळी कार्बापेनेम गटातली औषधंही त्याला मारेनात. बाकीची प्रतिजैविकं हरली की डॉक्टर शेवटी ज्यांच्याकडे वळतात, ती ही औषधं.

स्वीडन आणि ब्रिटनमधल्या प्रयोगशाळांनी मिळून त्याचा छडा लावला. या जिवाणूकडे एक एन्झाइम होतं आणि ते औषधाच्या रेणूतली मोक्याची कडीच तोडून टाकत होतं. त्याहून काळजीची गोष्ट पुढे होती. हे एन्झाइम बनवणारं जनुक जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रात नव्हतं. प्लास्मिड नावाच्या सुट्या, गोल डीएनएवर ते बसलं होतं, आणि प्लास्मिड एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो. तो दुसरा वेगळ्या जातीचा असला तरीही. डिसेंबर २००९ मध्ये हे संशोधन छापून आलं. एन्झाइमला नाव मिळालं नवी दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, थोडक्यात एनडीएम-१. अशी एन्झाइमं जिथे प्रथम सापडतात त्या गावाचं नाव त्यांना देण्याची पद्धत जुनीच होती. इटलीतल्या व्हेरोनाचं नाव एकाला मिळालं होतं, ब्राझीलमधल्या साओ पाउलोचं दुसऱ्याला. त्यामुळे नाव ठेवणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नसावं. आठ महिन्यांनी त्याच नावावरून भारताच्या संसदेत गदारोळ झाला.

तिथपर्यंत जाण्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण २०१० पर्यंत रुग्णालयातल्या संसर्गाबाबत सरकारने काहीच केलं नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. केलं होतं, पण ते मागच्या दारापासून. वॉर्डात काय चाललंय यापेक्षा वॉर्डातून बाहेर काय पडतंय, याकडे आधी लक्ष गेलं, आणि तेही न्यायालयाने ओढून नेल्यावर. दिल्लीच्या कचऱ्यावरून डॉ. बी. एल. वढेरा यांनी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९६ मध्ये आदेश दिला: ५० किंवा त्याहून जास्त खाटांच्या रुग्णालयांनी आपला कचरा जाळण्यासाठी भट्टी उभारावी किंवा तितकाच खात्रीचा दुसरा उपाय करावा. तोवर रक्ताने माखलेला कापूस, वापरलेल्या सुया आणि शस्त्रक्रियेनंतरचे अवयव, सगळं नगरपालिकेच्या कोंडाळ्यात जात असे आणि कचरा वेचणारी मुलं ते हाताने निवडत. त्यानंतर २० जुलै १९९८ रोजी जैववैद्यकीय कचऱ्याचे देशातले पहिले नियम निघाले. कचऱ्याचे दहा प्रकार ठरले, पिशव्यांचे रंग ठरले, प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या माथी देखरेख आली.

नियम कागदावर आले तरी सुई मात्र जुन्याच वाटेने फिरत राहिली. इंडियाक्लेन या डॉक्टर-संशोधकांच्या जाळ्याने या शतकाच्या पहिल्या दशकात देशभर पाहणी केली. भारतात वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शनं दिली जातात आणि त्यांतली जवळपास ६३ टक्के असुरक्षित असतात, असा तिचा निष्कर्ष होता. कुठे सुई नीट निर्जंतुक केलेली नसे, कुठे तीच पुन्हा वापरलेली असे, कुठे वापरलेली सुई उघड्यावर फेकलेली असे. हे आकडे अभ्यासकांच्या टेबलावर पडून होते. मग २००९ च्या सुरुवातीला गुजरातेत, तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा गावात, हिपॅटायटिस बीची साथ आली आणि माणसं पटापट मरू लागली. शोध घेतला तेव्हा वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या जात होत्या हे उघड झालं, आणि भंगाराच्या गोदामांमध्ये वैद्यकीय कचऱ्याचे ढीग सापडले. अकरा वर्षांपूर्वीच्या नियमांप्रमाणे त्या ढिगांचा मागमूसही राहायला नको होता.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात मुंबईत, माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात, सूक्ष्मजीवशास्त्र विभागातल्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात कार्बापेनेमला दाद न देणारे आतड्यातल्या गटाचे जे जिवाणू त्यांच्याकडे आले, ते त्यांनी बाजूला काढले आणि त्यांत एनडीएम-१ आहे का ते पाहिलं. असे नमुने २४ होते. त्यांतल्या २२ मध्ये ते निघालं. असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया या भारतीय डॉक्टरांच्या संघटनेच्या नियतकालिकात मार्च २०१० मध्ये हा लेख आला. चेन्नईचे संसर्गरोगतज्ज्ञ डॉ. अब्दुल गफूर यांनी त्याच अंकात संपादकीय लिहिलं आणि त्याला प्रतिजैविकांचा मृत्युलेख असं शीर्षक दिलं. याहून स्पष्ट इशारा तो काय असणार! लिहिणारे भारतीय, नियतकालिक भारतीय, रुग्ण भारतीय. पण कुणी उत्तर दिलं नाही, कुणी रागावलंही नाही. वर्तमानपत्रांनी तो उचलला नाही, मंत्रालयाने खुलासा केला नाही. पुढे जे झालं त्याच्या शेजारी ही शांतता ठेवून पाहावी.

११ ऑगस्ट २०१० रोजी लंडनच्या 'द लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक भावंड-नियतकालिकात एक मोठा शोधनिबंध आला. पहिलं नाव मद्रास विद्यापीठाच्या कार्तिकेयन कुमारस्वामी यांचं, ज्येष्ठ लेखकांमध्ये कार्डिफचे टिमथी वॉल्श आणि ब्रिटनच्या आरोग्य संरक्षण संस्थेचे डेव्हिड लिव्हरमोर. चेन्नईतले ४४, हरियाणातले २६, ब्रिटनमधले ३७ आणि भारत-पाकिस्तानातल्या इतर ठिकाणचे ७३, अशा १८० नमुन्यांत एनडीएम-१ सापडल्याचं त्यात मांडलं होतं. ब्रिटनमधल्या किमान १७ रुग्णांनी आदल्या वर्षभरात भारत किंवा पाकिस्तानचा प्रवास केला होता, आणि त्यांतले १४ तिथल्या रुग्णालयांत दाखल झाले होते. स्वस्तात शस्त्रक्रिया करून घेण्यासाठी भारतात जाण्याच्या ब्रिटिश रुग्णांच्या प्रथेवर लेखकांनी बोट ठेवलं होतं.

इथे ठिणगी पडली. वैद्यकीय पर्यटन तेव्हा भरात येत होतं. दिल्लीत, गुरगावात, चेन्नईत, मुंबईत पंचतारांकित रुग्णालयं उभी राहत होती आणि त्यांच्या जाहिराती परदेशी रुग्णाला डोळ्यांसमोर ठेवून होत होत्या. शिवाय दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा अवघ्या दोन महिन्यांवर आल्या होत्या. आरोग्य मंत्रालयाने लगेच निवेदन काढलं: भारतीय रुग्णालयं सुरक्षित आहेत, या जिवाणूचा संबंध भारताशी जोडणं चूक आहे, आणि संशोधनाला औषध कंपनीचाही पैसा आहे हे लक्षात घ्यावं. राज्यसभेत भाजपचे एस. एस. अहलुवालिया यांनी यामागे बहुराष्ट्रीय कंपन्यांचा डाव असू शकतो, अशी शंका घेतली. खुद्द कुमारस्वामी यांनी निबंधातल्या काही अनुमानांशी आपण सहमत नसल्याचं वृत्तपत्रांना सांगितलं. पुढच्या जानेवारीत लॅन्सेटचे संपादक रिचर्ड हॉर्टन दिल्लीत आले आणि एन्झाइमला शहराचं नाव देणं ही चूक होती, असं म्हणून त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. संशोधन मात्र त्यांनी मागे घेतलं नाही.

नावाबद्दलचा राग खोटा होता असं मला वाटत नाही. एखाद्या शहराच्या कपाळी असं नाव मारलं गेलं की ते पुसत नाही, आणि ब्रिटिश लेखकांनी पर्यटनावर जो जोर दिला त्यात आगाऊपणा होताच. पण या गोंधळात एक प्रश्न कुणी विचारला नाही. ब्रिटनला हे दिसलं कसं? उत्तर काही गूढ नाही. इंग्लंडने २००१ पासून रुग्णालयांवर सक्ती केली होती की एमआरएसए या औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूमुळे रक्तात झालेला प्रत्येक संसर्ग कळवायचा. आकडे रुग्णालयाच्या नावासकट छापले जात. २००४ मध्ये तिथल्या सरकारने हे प्रमाण २००८ पर्यंत निम्म्यावर आणण्याचं लक्ष्य जाहीर केलं आणि ते गाठलंही. ज्या देशात प्रयोगशाळा रोजच्या रोज नोंदी कळवतात, तिथे नवा जिवाणू आला की तक्त्यात एक वेगळा ठिपका उमटतो. आपल्याकडे तक्ताच नव्हता. हिंदुजाच्या डॉक्टरांना २२ ठिपके दिसले ते त्यांनी स्वतःहून कागद पुढे ओढला म्हणून. देशात अशी रुग्णालयं किती आणि त्यांत असे रुग्ण किती, हे सांगू शकणारं टेबल सरकारात कुठेच नव्हतं. मंत्रालयाचं निवेदन 'सुरक्षित आहेत' असं म्हणत होतं, ते कशाच्या आधारावर?

वादाचा दुसरा अंक एप्रिल २०११ मध्ये झाला. वॉल्श यांच्या गटाने आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य दिल्लीच्या १२ किलोमीटरच्या परिसरातून पाण्याचे नमुने नेले होते: रस्त्यावर साचलेलं किंवा झिरपलेलं पाणी १७१ ठिकाणचं, नळाचं ५० ठिकाणचं. साचलेल्या पाण्याच्या ५१ नमुन्यांत आणि नळाच्या २ नमुन्यांत एनडीएम-१ चं जनुक सापडलं. कॉलऱ्याच्या आणि आमांशाच्या जिवाणूंमध्येही ते पोचलं होतं. निबंध निघाला ७ एप्रिलला, जागतिक आरोग्य दिनी. आणि त्या वर्षीचा विषय होता औषधांना जुमानेनासे झालेले जंतू. सरकारने हेही फेटाळलं, पण आता सूर थोडा उतरला होता. दरम्यान आरोग्यसेवा महासंचालनालयाने नेमलेल्या गटाचं काम चालूच होतं, आणि २०११ मध्येच प्रतिजैविक-रोध आटोक्यात ठेवण्याचं पहिलं राष्ट्रीय धोरण निघालं. रुग्णालयात संसर्ग नियंत्रण समिती असावी, प्रयोगशाळांचं जाळं असावं, औषधांच्या विक्रीवर लगाम असावा, हे सगळं त्यात होतं. अपमानाच्या भरात का होईना, काम सुरू झालं होतं.

इथे गाझियाबादचा संबंध येतो, आणि तो जरा आडवाटेने येतो. यमुनेच्या पूर्वेला, हिंडन नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं हे शहर राजधानी परिसरात मोडतं, पण उत्तर प्रदेशात आहे. त्याच्या राजनगर भागात सेक्टर २३ मध्ये भारतीय औषधकोश आयोगाचं कार्यालय आणि प्रयोगशाळा आहे. देशात विकलं जाणारं औषध कसं असावं याची संहिता इथे ठरते. शिरेतून देण्याचं द्रव निर्जंतुक आहे का, त्यात जिवाणूंच्या अवशेषांचं विष आहे का, हे कोणत्या कसोटीने ठरवायचं, तेही याच ग्रंथात असतं. सलाईनची बाटलीच दूषित निघाली, तर वॉर्डातल्या परिचारिकेने कितीही वेळा हात धुतले तरी उपयोग नाही. म्हणून संसर्गाच्या गोष्टीत या कार्यालयाला जागा आहे. औषधांच्या दुष्परिणामांची देशभरची नोंद ठेवण्याचा कार्यक्रम जुलै २०१० मध्ये, म्हणजे एनडीएमच्या वादाच्या एकच महिना आधी, दिल्लीच्या एम्समध्ये सुरू झाला होता. १५ एप्रिल २०११ रोजी, पाण्याचा निबंध निघून आठवडा उलटतो तोच, त्याचं केंद्र गाझियाबादला आलं. ६ जुलै २०१५ पासून वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंदही इथूनच पाहिली जाऊ लागली. त्यांत कॅथेटर आले, शिरेतल्या नळ्या आल्या, शरीरात बसवायचे सांधे आले.

म्हणजे औषधाने काय बिघडवलं आणि उपकरणाने काय बिघडवलं, हे कळवायला देशाला एक पत्ता मिळाला. वॉर्डाने काय बिघडवलं, हे कळवायला तेव्हा असा पत्ता नव्हता. वरवर पाहता ही सरकारी विभागणीतली एक फट. पण गाझियाबादमध्ये राहणाऱ्या माणसाच्या अनुभवाशी ती जोडून पाहिली की तिची रुंदी कळते. इथला अवघड रुग्ण सीमा ओलांडून दिल्लीत जातो. दिलशाद गार्डनचं गुरू तेग बहादूर रुग्णालय तर हद्दीला लागूनच आहे. शस्त्रक्रियेच्या जखमेत ३० दिवसांत पू झाला तर तो रुग्णालयातलाच संसर्ग धरायचा, आणि सांधा किंवा तत्सम काही आत बसवलेलं असेल तर मुदत ९० दिवसांपर्यंत जाते, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. दिल्लीत टाके घातलेला माणूस पाचव्या दिवशी घरी येतो, बाराव्या दिवशी टाके पिकतात आणि तो गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. दिल्लीच्या रुग्णालयाच्या कागदावर तो बरा होऊन गेलेला असतो. कचरा उत्तर प्रदेशच्या मंडळाकडे, जिल्हा रुग्णालय लखनौच्या अखत्यारीत, मोठं रुग्णालय दिल्ली सरकारचं किंवा केंद्राचं. जिवाणूला ही हद्द कुठून ठाऊक असणार!

२०१२ च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांच्या संघटनांनी चेन्नईत एकत्र बसून प्रतिजैविकांच्या वापराबद्दल जो जाहीरनामा काढला, त्यामागे पुन्हा डॉ. गफूर होते. मला तो दस्तऐवज शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात आदर्शाचा हट्ट नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय एकही प्रतिजैविक विकू नये, असा नियम उद्या आणला तर खेड्यापाड्यांत जिथे डॉक्टरच नाही तिथे माणसं साध्या न्यूमोनियाने मरतील, हे त्यांना कळत होतं. म्हणून सगळ्यांत महत्त्वाच्या औषधांपासून सुरुवात करा, पण करा, असा त्यांचा आग्रह होता. सरकारचा आधीचा मसुदा बराच लांबलचक होता आणि औषधविक्रेत्यांनी त्याला कडाडून विरोध केला होता. शेवटी ३० ऑगस्ट २०१३ रोजी एच-१ ही अनुसूची निघाली आणि १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. तीत ४६ औषधं होती. प्रतिजैविकं, क्षयरोगाची औषधं आणि काही झोपेच्या, व्यसन लावणाऱ्या गोळ्या. दुकानदाराने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची. कार्बापेनेम या यादीत आली.

औषधाचा लगाम हा अर्धा भाग. संसर्ग मुळात होऊच नये, हा दुसरा अर्धा, आणि तो दिसायला फार सामान्य असतो: फडका, बादली, साबण. ऑक्टोबर २०१४ मध्ये स्वच्छ भारत मोहीम सुरू झाली, तिच्या पाठीवर १५ मे २०१५ रोजी आरोग्यमंत्री जे. पी. नड्डा यांनी 'कायाकल्प' ही योजना जाहीर केली. सरकारी रुग्णालयांनी स्वतःला गुण द्यायचे, मग शेजारच्या रुग्णालयाने येऊन तपासायचं, मग बाहेरच्या परीक्षकांनी. इमारतीची निगा, स्वच्छता, कचरा, संसर्ग नियंत्रण, कपडे धुण्यासारख्या पूरक सेवा आणि लोकांमधली जागृती असे भाग. राज्यातल्या अव्वल जिल्हा रुग्णालयाला ५० लाख रुपये, ७० टक्क्यांवर गुण मिळवणाऱ्या इतरांना प्रत्येकी ३ लाख. सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाला पहिल्यांदाच पोछा मारण्याच्या पद्धतीबद्दल प्रश्न विचारला जाऊ लागला. तीन बादल्या आहेत का? सोडिअम हायपोक्लोराइटचं द्रावण कोण बनवतं आणि किती टक्क्यांचं? हात धुण्याच्या सहा पायऱ्या परिचारिका करून दाखवू शकते का? हातापाशी नळ आहे का, नळाला पाणी आहे का? शेवटचा प्रश्न विनोदी वाटेल, पण बऱ्याच प्रसूतिगृहांत खरी अडचण तीच असे.

कचऱ्याचे नियमही २८ मार्च २०१६ रोजी नव्याने लिहिले गेले. दहा प्रकारांचा गुंता सोडवून पिवळा, लाल, पांढरा, निळा असे चार रंग राहिले. पिशव्यांवर बारकोड आला, कचरा हाताळणाऱ्यांचं लसीकरण सक्तीचं झालं, आणि ७५ किलोमीटरच्या आत सामाईक प्रक्रिया केंद्र असेल तर रुग्णालयाने आवारात स्वतःची भट्टी लावायची नाही असं ठरलं. १९९६ मध्ये न्यायालयाने ज्या भट्ट्या उभारायला लावल्या होत्या, त्या वीस वर्षांत धुरामुळे नकोशा झाल्या होत्या.

कायाकल्पने रुग्णालयांचं रूप बदललं, यात शंका नाही. एखाद्या जिल्हा रुग्णालयाचा पंधरा वर्षांपूर्वीचा आणि आताचा आवार ज्याने पाहिलाय त्याला पुरावा द्यायची गरज नाही. पण योजनेची मेख तिच्या परीक्षेतच होती. ती साधनं मोजत होती. बादल्या तीन आहेत हे तपासता येतं. त्या तीन बादल्यांमुळे किती रुग्ण तापापासून वाचले, हे कळायला वॉर्डात वेगळी वही लागते आणि ती भरायला माणूस लागतो.

नवजात बाळांच्या बाबतीत ती वही भरली गेली, तेव्हा जे दिसलं ते हादरवणारं होतं. एम्स, सफदरजंग आणि मौलाना आझाद या दिल्लीच्या तीन संस्थांनी जुलै २०११ ते फेब्रुवारी २०१४ या काळात तिथेच जन्मलेल्या आणि नवजात अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १३,५३० बाळांवर लक्ष ठेवलं. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १४ टक्क्यांहून जास्त बाळांना जंतुसंसर्ग झाला होता. पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की जन्मल्यावर पहिल्या ७२ तासांतला संसर्ग आईकडून येतो, नंतरचा रुग्णालयातून. इथे जवळपास दोन-तृतीयांश संसर्ग पहिल्या ७२ तासांतलेच होते आणि जंतू मात्र रुग्णालयात मुरलेले: असिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला, इ. कोलाय, तेही औषधांना न जुमानणारे. याचा अर्थ, बाळंतपणाच्या टेबलापासून अतिदक्षता विभागाच्या पेटीपर्यंतच्या वाटेतच काहीतरी घडत होतं. घरी बाळंत होऊ नका, दवाखान्यात या, असं सरकार त्याच वर्षांत जननी सुरक्षा योजनेतून बायांना सांगत होतं, पैसे देत होतं. बाया आल्या. खाटा, परिचारिका आणि नळ त्या वेगाने आले नाहीत.

एप्रिल २०१७ मध्ये प्रतिजैविक-रोधाविरुद्धची राष्ट्रीय कृती योजना निघाली, तेव्हा तिच्या सहा उद्दिष्टांत संसर्ग मुळात कमी करणं हे एक होतं. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून ज्या गोष्टीची २०१० मध्ये उणीव होती तिची पहिली भरीव नोंद सुरू झाली. एम्सच्या ट्रॉमा सेंटरमधल्या डॉ. पूर्वा माथूर यांच्या पुढाकाराने, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेच्या सीडीसी या रोग नियंत्रण संस्थेच्या साथीने, देशातल्या २६ रुग्णालयांचे ८९ अतिदक्षता विभाग एकाच व्याख्येने मोजू लागले. काम कंटाळवाणं आहे. आज किती रुग्णांच्या मोठ्या शिरेत नळी आहे? किती जणांना लघवीची नळी? कुणाला ताप आला, कल्चर पाठवलं का, काय उगवलं? रोज, सुट्टीच्या दिवशीही. ऑक्टोबर २०१८ पर्यंतच्या दीड वर्षात रक्तातले २,६२२ आणि मूत्रमार्गातले ७३७ संसर्ग नोंदले गेले. रक्तसंसर्गाचा एकूण दर शिरेत नळी असलेल्या दर हजार दिवसांमागे ९ च्या जवळपास निघाला. नवजात विभागांत तो २० च्याही वर होता. हे आकडे वाईट होते, आणि तरीही ती चांगली बातमी होती. पहिल्यांदाच देशाच्या हातात असा दर आला, जो पुढच्या वर्षी कमी झाला का हे विचारता येईल.

जानेवारी २०२० मध्ये आरोग्य मंत्रालयाने संसर्ग नियंत्रणाची सविस्तर राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रत्येक रुग्णालयात समिती, प्रशिक्षित संसर्ग नियंत्रण परिचारिका, नोंद, लेखापरीक्षण. दोन महिन्यांत कोविड आला. वेळ साधली म्हणावी की चुकली? अंगभर पीपीई घातलेला माणूस एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे तेच हातमोजे घालून जाऊ लागला, कारण त्याला स्वतःला वाचवायचं होतं, आणि त्याबद्दल त्याला दोष देणं कठीण आहे. पहिल्या लाटेत, जून ते ऑगस्ट २०२० या काळात, दहा रुग्णालयांतल्या १७,५३४ कोविड रुग्णांची पाहणी झाली. त्यांतल्या ३.६ टक्के रुग्णांना वरून दुसरा जंतुसंसर्ग झाला होता. एकूण रुग्णांतला मृत्युदर १०.६ टक्के होता, या दुसऱ्या संसर्गवाल्यांतला ५६.७ टक्के. पुढे आलेले जंतू तेच, क्लेब्सिएला आणि असिनेटोबॅक्टर. मुंबईच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये ज्यांच्याविषयी सांगितलं होतं, त्याच घराण्यातला पहिला, आणि दिल्लीच्या बाळांना छळणारा दुसरा.

लाट ओसरल्यावर राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २० मोठ्या रुग्णालयांत एकेका दिवसाचं चित्र टिपलं. २०२१-२२ ची ही पाहणी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. खाटेवरच्या ९,६५२ रुग्णांपैकी जवळपास ७२ टक्के प्रतिजैविकांवर होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना संसर्ग झालेला नव्हता. होऊ नये म्हणून औषध चालू होतं. नेमका कोणता जंतू आहे हे तपासून त्यावरच औषध दिलेले रुग्ण अवघे ६ टक्के. प्रतिबंधक डोसांचा हा भरणा मला डॉक्टरांच्या बेफिकिरीपेक्षा भीतीचा वाटतो. वॉर्डातल्या हवेवर, टेबलावर, शेजारच्या खाटेवर भरवसा नसला की डॉक्टर औषधावर भरवसा टाकतो, आणि त्या औषधामुळे वॉर्डातले जंतू आणखी निबर होतात.

अतिदक्षता विभागांतले संसर्ग मोजणाऱ्या त्या २६ रुग्णालयांच्या जाळ्यात नंतर आणखी रुग्णालयं आली, पण त्यात सामील होणं ऐच्छिक आहे आणि आकडे छापले जातात ते रुग्णालयाचं नाव न घेता. इंग्लंडसारखी रुग्णालयनिहाय आकडे जाहीर करण्याची सक्ती आपल्याकडे केंद्राच्या कोणत्याही कायद्यात नाही, आणि मोजणीचा भर राहिला तो बड्या संस्थांच्या अतिदक्षता विभागांवर. जिल्हा रुग्णालयाचा प्रसूती विभाग आणि गल्लीतलं वीस खाटांचं नर्सिंग होम तिच्या बाहेर. गाझियाबादच्या एखाद्या कुटुंबाला आज गुडघा बदलायचा असेल, तर शल्यविशारदाची पदवी, खोलीचं भाडं आणि भिंतीवरचं मानांकनाचं प्रमाणपत्र त्यांना बघता येतं. गेल्या वर्षी तिथे किती गुडघे पिकले, हे विचारलं तर सांगायला रुग्णालय बांधील नाही.